शाळेची शेळी व तिचा हिशेब

गेल्या पावसाळ्याच्या आरंभी एक पालक आम्हांस भेटावयास आले. चपला व्हरांड्यात काढून व छत्री भिंतीस टेकवून त्यांनी मोठ्या आदराने, पण तितक्याच स्पष्टपणे विचारले, "मास्तर, बकऱ्याच राखायच्या असत्या, तर पोराला शाळेत कशाला घातला असता?"

प्रश्न रास्त होता. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातील आईबाप मुलास शाळेत धाडतात ते पुष्कळदा त्याची गुरांमागून सुटका व्हावी म्हणूनच. या जिल्ह्याने पिढ्यान्‌पिढ्या आपली माणसे मुंबईस पाठविली. ती गिरण्यांत, गोदीत, खानावळींत व कचेऱ्यांत राबली, आणि त्यांच्या मनिऑर्डरींवर इकडच्या चुली पेटल्या. शाळा म्हणजे पूर्वी आगबोटीचे, मग एस. टी. चे आणि १९९८ पासून कोकण रेल्वेचे तिकीट, अशीच येथील समजूत आहे, आणि ती अगदीच चुकीची आहे असे आम्ही म्हणणार नाही. अशा शाळेतून मुलगा हाती दावे घेऊन घरी आला तर बापास काय वाटेल, हे आम्ही जाणतो. आमचे स्वतःचे वडीलही असेच विचारते. त्या दिवशी आम्ही जे उत्तर दिले ते आमचे आम्हांसच अपुरे वाटले, म्हणून ते येथे सविस्तर लिहीत आहोत.

ज्यांस ही योजना ठाऊक नाही त्यांच्याकरिता थोडक्यात सांगावयाचे तर, आठवी व नववीच्या वर्गांतील इच्छुक मुलामुलींस शाळेच्या एका लहानशा निधीतून बिनव्याजी उसने पैसे देऊन एकेक करडू घेऊन देण्यात येते. मुलाने ते आपल्या घरी वाढवावयाचे, एका वहीत त्याचा रोजचा जमाखर्च व महिन्याचे वजन लिहावयाचे, आणि नर असल्यास विकून, मादी असल्यास तिचे पहिले मादी करडू शाळेस देऊन ऋणमुक्त व्हावयाचे. शेळी वाट्याने पाळावयास देण्याची रीत आपल्या खेड्यांत जुनीच आहे. आम्ही तीत वहीची तेवढी भर घातली.

ही भर मात्र आमच्या डोक्यातून निघालेली नाही. १९०२ साली अमेरिकेतील ओहायो राज्यात, क्लार्क नावाच्या जिल्ह्यात, आल्बर्ट ग्रॅहॅम नावाच्या शाळाधिकाऱ्याने खेड्यांतील मुलामुलींचे एक मंडळ काढले. वर्गात शिकलेले घरच्या शेतात करून पाहावे, आणि केलेले लिहून ठेवावे, एवढाच त्याचा बेत होता. थोड्याच वर्षांत दक्षिणेकडील राज्यांत मक्याची मंडळे निघाली. मुलाने बापाच्या जमिनीतील एक एकर मागून घ्यावा, सांगितल्याप्रमाणे पेरणी करावी, व शेवटी पीक मोजून दाखवावे, असा त्यांचा नेम असे. १९१० साली साउथ कॅरोलिना राज्यातील एका पंधरा वर्षांच्या मुलाने एका एकरात २२८ बुशेल मका पिकविला. आजूबाजूच्या जाणत्या शेतकऱ्यांस त्याच्या चौथाईइतकेही पीक क्वचितच येत असे. सरकारी तज्ज्ञांची व्याख्याने ज्यांनी कानांआड केली होती, ते बाप आता पोराच्या बांधावर येऊन उभे राहिले. पुढे १९१४ साली स्मिथ-लीव्हर कायदा झाला, शेतकी महाविद्यालयांतील ज्ञान खेड्यांपर्यंत नेण्याची सरकारी व्यवस्था झाली, आणि ही मुलांची मंडळे तिच्यात सामील होऊन 'फोर-एच' या नावाने देशभर पसरली. मस्तक, हृदय, हात व आरोग्य या चार अर्थांच्या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरे होत. चार पानांची हिरवी क्लोव्हर ही त्यांची खूण. मक्यामागून वासरे, डुकरे, मेंढ्या, शेळ्या व कोंबड्या आल्या. वर्षाच्या शेवटी जिल्ह्याची जत्रा भरते, मुले आपापले जनावर धुऊनपुसून रिंगणात आणतात, परीक्षक ते चाचपून पाहतात, आणि पुष्कळदा तेथेच त्याचा लिलाव होतो. त्या लिलावाविषयी पुढे बोलावयाचे आहे.

आपल्या देशातही हा विचार नवा नव्हे. सॅम हिगिनबॉटम या मिशनऱ्याने १९१० साली अलाहाबादेस यमुनेच्या काठी शेतकी शिक्षणाची संस्था काढली, तेव्हा धर्मोपदेशकाने नांगराच्या नादी कशाला लागावे असे म्हणणारे पुष्कळ होते. त्रावणकोर संस्थानात मार्तंडम येथे वाय. एम. सी. ए. चे स्पेन्सर हॅच यांनी १९२० नंतरच्या दशकात सुधारलेल्या कोंबड्या, मधमाश्या व सहकारी विक्री यांच्या साहाय्याने गरीब कुळांस चार पैसे मिळवून दिले. महात्मा गांधींनी १९३७ साली वर्ध्यास मांडलेली हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षणाची योजना सर्वांस ठाऊकच आहे. पण महाराष्ट्रातील शाळांच्या दृष्टीने सर्वांत जवळचे उदाहरण पुणे जिल्ह्यातील पाबळचे होय. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अन्नतंत्रज्ञानाचे विद्वान. मोठ्या कंपनीतील संशोधनाची नोकरी सोडून १९८३ साली ते या कोरडवाहू गावी जाऊन राहिले व त्यांनी 'विज्ञान आश्रम' स्थापन केला. त्यांनी घडविलेला अभ्यासक्रम पुढे महाराष्ट्रातील कित्येक माध्यमिक शाळांनी स्वीकारला. त्यात आठवड्याचा एक दिवस मुले हातांनी काम करीत. सुतारकाम-लोहारकाम, ऊर्जा व पर्यावरण, गृह व आरोग्य, आणि शेती व पशुपालन, असे त्याचे चार भाग होते. शिकता शिकता गावाची एखादी नड भागवावी आणि तिचा योग्य मोबदला घ्यावा, हा त्यातील आम्हांस सर्वांत आवडलेला भाग. फुकट केलेल्या कामाची चूक कोणी दाखवीत नाही. दाम मोजणारा मनुष्य ती लगेच दाखवितो.

आता आमच्या शेळ्यांकडे वळू.

शेळीस कोकणचा पाऊस मानवत नाही. रत्नागिरीस वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि शेळी हे मूळचे कोरड्या डोंगराचे जनावर. ओल्या जमिनीवर उभी राहिली की तिचे खूर कुजतात, ओलसर गोठ्यात फुप्फुसे बिघडतात. म्हणून जमिनीपासून हातभर उंच, मध्ये फटी ठेवून ठोकलेल्या फळ्यांचा माचा हवा. लेंड्या खाली पडतात, वर कोरडे राहते. एका मुलाने मोडक्या होडीच्या फळ्यांचा माचा केला आहे, तो पाहण्यासारखा आहे. दापोली येथे १९७२ साली स्थापन झालेल्या आपल्या कोकण कृषि विद्यापीठाने सिंधुदुर्गाकडील 'कोकण कन्याळ' या शेळीचा अभ्यास करून तिची जोपासना केली, ती येथील दमट हवेत टिकते म्हणूनच. तोंडावर नाकापासून कानापर्यंत दोन्ही अंगांस पांढरे पट्टे असलेली ही काळी शेळी मुलांस ओळखता आली पाहिजे. (आपली लहान चणीची गावठी गाय हिलाही २०१८ साली 'कोकण कपिला' या नावाने राष्ट्रीय नोंदवहीत स्थान मिळाले. घरच्या गाईस नाव आहे हे पुष्कळांस ठाऊक नसते.)

दुसरी अडचण पावसाहून बिकट आहे, ती शेजाऱ्याची. मोकळी सुटलेली शेळी आणि हापूसचे कोवळे कलम यांचे वैर जुने आहे. ज्याने कातळ फोडून, माती वाहून, उन्हाळाभर कळशीने पाणी घालून कलम जगविले, त्याच्या कलमाचा शेंडा शेळीने एका घासात खुडला म्हणजे गडग्याच्या दोन्ही बाजूंस जी भाषा चालते ती या मासिकात छापण्याजोगी नसते. म्हणून आमची पहिली अट अशी की, करडू बांधूनच वाढवावयाचे. चारा मुलाने आणून घालावा. फणसाचा पाला शेळी आवडीने खाते, तो आपल्याकडे वाटेल तितका. शेवरी बांधावर लावता येते. वाळलेला चारा थोडा, आणि भरड, कोंडा व पेंड यांचा खुराक मूठभरापासून वाढवीत न्यावा.

औषधपाण्याविषयी येथे आमच्या हातून घडलेली चूक सांगितली पाहिजे. योजनेच्या पहिल्या वर्षी आंत्रविषार या रोगाची लस मे महिन्यात टोचून घ्यावयाची होती. शाळेस सुट्टी होती, आम्ही परगावी होतो. जूनमध्ये शाळा उघडली की सर्व करडे एकदम दवाखान्यात नेऊ, असा विचार आम्ही केला. मिरगाचा पाऊस त्या वर्षी वेळेवर आला. चार-सहा दिवसांत सड्यावर कोवळे गवत उठले, मुलांनी हौसेने भारे कापून आणले, आणि दोन करडे एका रात्रीत पोट फुगून मेली. कोवळ्या गवताच्या अतिरेकाने आतड्यांतील जंतू एकाएकी माजतात व त्यांचे विष अंगात भिनते. लस आधी टोचलेली असती तर ती बहुधा वाचली असती. दोन मुलांपैकी एकाने वहीत तारीख घालून लिहिले, "करडू मेले. कारण: लस उशिरा." कोणाच्या हातून उशीर झाला हे त्याने लिहिले नाही. आम्ही त्याखाली आमची सही केली व दोघांचे उसने पैसे रद्द केले. तेव्हापासून लशीची तारीख सुट्टीत असली तरी आम्ही गाव सोडीत नाही, आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर जंताचे औषध चुकू देत नाही.

आता वहीविषयी. कोकणातील मुलास शेळी पाळावयास आम्ही काय शिकवावे? त्याची आजी आमच्याहून अधिक जाणते. शेळी पाच महिन्यांनी विते, करडास पहिल्या तासाभरात चीक पाजावा लागतो, हे सांगण्यास पदवीधर नको. परंतु त्या आजीस जर कोणी विचारले की, या शेळीने वर्षात तुम्हांस काय दिले, तर ती म्हणेल, "दिलं हो काहीतरी." हे 'काहीतरी' किती, हे सांगता येणे म्हणजेच आमच्या मते या योजनेतील शिक्षण होय.

एका नववीतील विद्यार्थ्याची वही आमच्यासमोर आहे. चार महिन्यांचा नर, वजन १० किलो, किंमत ४,२०० रुपये. ऑक्टोबर ते जून असे आठ महिने तो वाढविला. खुराक २,१५० रुपये, औषधे व टोचणी ३१० रुपये, दोर, बादली व माच्याची डागडुजी ३४० रुपये. एकूण ७,००० रुपये. पाला फुकट, म्हणून तो मांडलेला नाही. बकरी ईदच्या आधी एक व्यापारी घरी आला. त्याने बोकडाच्या पाठीवरून हात फिरविला, बरगड्या चाचपल्या, आणि ८,००० रुपये बोलला. मुलाचे वडील देऊनच टाकीत होते. आजवर सर्व बोकड असेच नजरेच्या अंदाजाने गेले. मुलाने वही आणली, शाळेचा ताणकाटा आंब्याच्या फांदीस अडकविला, आणि बोकड झोळीत घालून टांगला. भरले २५ किलो. बाजारात जिवंत वजनास तेव्हा किलोमागे सुमारे ४०० रुपये मिळत होते, हेही त्याने आदल्या आठवड्यात विचारून लिहून ठेवले होते. व्यापारी हसला, थोडा रागावला, आणि १०,००० रुपये मोजून बोकड घेऊन गेला. नफा झाला ३,००० रुपये. त्यातील २,००० वहीने मिळविले, असे म्हणावयास हरकत नाही.

पण गोष्ट येथे संपत नाही. तोच मुलगा दुसऱ्या दिवशी आमच्याकडे आला. त्याने आपले श्रमही मांडले होते. रोज अर्धा तास, २४० दिवस, म्हणजे १२० तास. तीन हजारांस एकशे वीसने भागले की ताशी पंचवीस रुपये. "मास्तर, मुंबईस माझा मामा सामान पोचविण्याच्या कामात याहून जास्त मिळवतो. मग फायदा कुठचा?"

त्याचे गणित बिनचूक होते, आणि ते आम्ही त्यास शिकविले होते. तेव्हा उडवाउडवीचे उत्तर देण्याची सोय उरली नव्हती. आम्ही एवढेच म्हणालो की, एका करडास अर्धा तास लागतो म्हणून पाचांस अडीच तास लागत नाहीत. पाच धरून पुन्हा भागून पाहा. त्याने पाहिले. उत्तर बरे आले, परंतु पाच करडांचा पाला रोज कोठून आणावयाचा हा नवा प्रश्नही आला, आणि शेवरी किती गुंठ्यांत लावावी लागेल ते तो अजून मोजतो आहे. तो पुढे मुंबईस जाईल की येथे राहील हे आम्ही सांगू शकत नाही. गेला तर मोजून जाईल, राहिला तर मोजून राहील.

त्या दिवशी व्यापारी बोकड नेऊ लागला तेव्हा मात्र तो मुलगा घराच्या मागील दारी होता आणि रात्री जेवला नाही, असे त्याच्या आईने आम्हांस सांगितले. आठ महिने हाताने चारलेले जनावर विकणे ही मोठ्या माणसासही जड जाणारी गोष्ट आहे. फोर-एचच्या देशातही हा प्रश्न सुटलेला नाही. कॅलिफोर्नियातील शास्ता जिल्ह्याच्या जत्रेत २०२२ साली एका नऊ वर्षांच्या मुलीची शेळी लिलावास होती. आयत्या वेळी मुलीचा जीव घालमेलला व घरच्यांनी ती परत मागितली. बोली लागली होती ९०२ डॉलरांची, तीत जत्रेचा वाटा ६३ डॉलरांचा. ते भरून देण्याची घरच्यांची तयारी होती. परंतु नियम तो नियम असे ठरून पोलीस पाचशे मैलांहून अधिक प्रवास करून गेले व शेळी घेऊन आले, आणि ती कापली गेली. पुढे खटला झाला, आणि २०२४ साली त्या जिल्ह्याने तीन लक्ष डॉलर देऊन तो मिटविला. करार पाळण्यास मुलांस शिकवावे हे खरेच. पण एवढ्या दूरवर पोलीस धाडून कोणता धडा दिला, हे आम्हांस उमगत नाही. आमचा नियम असा आहे की, जनावर विकावे की न विकावे हे मुलाने ठरवावे. न विकल्यास उसने फेडण्याची मुदत वाढते, ऋण माफ होत नाही. आजवर एकाच मुलाने बोकड ठेवून घेतला. तो अद्याप आहे, आणि पाल्याचा खर्च मांडून मांडून मुलगा हैराण आहे.

आता जी गोष्ट सांगावयाची तिच्यामुळेच खरे म्हणजे हा लेख लिहावयास घेतला. नववीतील एका मुलीस मादी करडू दिले होते. तिची वही सर्वांत नेटकी. करडू वाढले, व्याले, दोन पिल्ले झाली; पहिले मादी पिल्लू तिने बोलीप्रमाणे शाळेस आणून दिले आणि ऋणमुक्त झाली. शेळी आता सर्वस्वी तिची होती. श्रावण संपत आला. एके दिवशी ती शाळेत असताना घरी टेम्पो आला, आणि तिच्या चुलत्यांनी गणपतीच्या खर्चाकरिता शेळी व उरलेले पिल्लू दोन्ही विकून टाकली. पुढल्या शनिवारी वजनाच्या वेळी ती वही घेऊन आली, शेळी नव्हती. वहीच्या शेवटच्या पानावर 'विक्रीची किंमत' या सदरापुढे तिने लिहिले होते, "मला सांगितली नाही."

आम्ही तिच्या घरी गेलो. वडिलांनी चहा दिला, अगत्याने बसविले, आणि म्हणाले, "घरातलीच वस्तू, मास्तर. पोरीचं नि घराचं वेगळं ते काय?" या बोलण्यात लबाडी नव्हती. सणावारी घरास पैसा लागतो, चाकरमानी येणार असतात, भिंतीस रंग लावावयाचा असतो. आम्हीही अशाच घरांत वाढलो आहोत. पण आम्हांस विचारावेसे वाटले, आणि तेथे धीर झाला नाही ते येथे विचारतो. पहाटे उठून पाला आणला मुलीने, लेंड्या काढल्या मुलीने, शेळी विताना रात्रभर कंदील धरून बसली ती मुलगीच. तेव्हा 'घराचे' व 'पोरीचे' वेगळे नव्हते. मग दाम हाती येताना तेवढे घर पुढे आणि मुलगी शाळेत, असे का व्हावे? मुलगा असता तर टेम्पो बोलाविण्यापूर्वी त्यास निदान विचारले असते, असा आमचा अनुभव आहे. शेळ्यांचे बहुतेक काम आपल्याकडे बायकाच करतात, आणि बाजारात त्या विकावयास जातात ते पुरुष. ही रीत इतकी जुनी आहे की ती कोणाच्या ध्यानातही येत नाही. आमच्याही आली नव्हती. वहीत धन्याचे नाव लिहावयाची जागाच आम्ही ठेवली नव्हती.

आता ठेवली आहे. करडू देण्यापूर्वी एक कागद पालकांच्या सहीकरिता घरी जाईल. जनावर अमुक विद्यार्थ्याचे किंवा विद्यार्थिनीचे आहे, त्याच्या संमतीवाचून व त्याच्या गैरहजेरीत ते विकले जाणार नाही, आणि आलेला पैसा त्याच्या नावे डाकघरातील बचत खात्यात जाईल, एवढेच त्यात आहे. दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलास स्वतःच्या सहीने असे खाते चालविता येते, हे पुष्कळ पालकांस ठाऊक नाही. घरास नड पडली तर मुलाने आपल्या खात्यातून जरूर द्यावे. मात्र ते त्याने दिले असे वहीत लिहिले जावे, आणि घराने ते घेतले असेही. कागदास कायद्याचे बळ नाही, हे आम्ही जाणतो.

ती मुलगी आता दहावीत आहे. योजना नववीपर्यंतच असली तरी तिच्यापुरता अपवाद करून तिला यंदा पुन्हा करडू दिले. कागदावर वडिलांची सही आहे, आणि तिच्या आग्रहावरून चुलत्यांचीही. मागील खेपेस तिच्या करडाचे वजन ११ किलो भरले.

दिवाळीच्या सुट्टीनंतर नवी करडे देण्यात येतील. ज्यांच्या घरी माचा तयार असेल त्यांस आधी. वजने महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी, शाळेच्या मागील फणसाखाली होतात. ज्या पालकांनी आम्हांस तो प्रश्न विचारला त्यांनी व इतरांनीही एकवार येऊन पाहावे.